कल्पकता आणि प्रतिभा: कोलरिजने ओढलेली रेघ

‘काय कल्पना लढवलीय!’ असं आपण म्हणतो, आणि जी ओळ वाचून अंगावर काटा येतो तिलाही ‘काय कल्पना आहे!’ म्हणूनच दाद देतो. इंग्रज कवी आणि समीक्षक कोलरिजला ही सरमिसळ सोसत नव्हती. १८१७ साली आलेल्या ‘बायोग्राफिया लिटरारिया’ या पुस्तकात त्याने फॅन्सी आणि इमॅजिनेशन या दोन निराळ्या शक्ती मानल्या. मी त्यांना कल्पकता आणि प्रतिभा म्हणते.

कल्पकता ही त्याच्या मते स्मरणशक्तीच, फक्त स्थळकाळाच्या क्रमातून मोकळी झालेली. तिला वस्तू तयार मिळतात. ती त्या शेजारीशेजारी मांडते. प्रतिभा त्याच वस्तू आधी विरघळवते, मग नव्याने घडवते.

व्याख्यानांत त्याने शेक्सपिअरच्या एकाच कवितेतून दोन्हींचे दाखले दिले. प्रेमदेवता व्हीनस तिच्या लाडक्या तरुणाचा, अ‍ॅडोनिसचा हात हातात घेते: बर्फाच्या तुरुंगात कोंडलेली जणू लिली! सुंदर आहे, पण दुवा काय तर पांढरा रंग. हात, बर्फ, लिली पुन्हा सुटे करा, कुणाचंच काही बिघडत नाही. पुढे रात्री तो तिला सोडून जातो, तेव्हा आकाशातून तारा निखळावा तसा तिच्या नजरेसमोरून सरकून जातो. इथे काय सुटं करणार? त्याचं देखणेपण, जाण्याचा वेग, नुसतं बघत राहण्याची तिची अगतिकता, मागे उरलेला काळोख, सगळं त्या एका ताऱ्यात आहे.

कवी वर्डस्वर्थला मात्र कल्पकतेलाही सर्जनशील म्हणायचं होतं, आणि त्यावरून दोघा मित्रांचं जमलं नाही. १८१५ च्या संग्रहात त्याने ‘फॅन्सीच्या कविता’ असा वेगळा विभागच केला. त्याची डेझीच्या फुलावरची एक कविता या विभागात येते. हिरवळीवर बसून मी उपमांशी खेळतो, असं तो तिथे उघड सांगतो. मग डेझी कधी जोगीण, कधी माणकांचा मुकुट घातलेली राणी, कधी एकडोळ्या राक्षस, कधी चांदीची ढाल. एक उपमा काढून दुसरी ठेवली तरी चालेल. निव्वळ कल्पकता.

पण शेवटी तो ही सगळी नावं टाकून देतो. तिला नुसतं ‘फूल’ म्हणतो: माझ्यासोबत याच उन्हात, याच हवेत श्वास घेणारा मुका, गोड जीव. या ओळींत ढाल नाही, राणी नाही, एकही उपमा नाही. वर्डस्वर्थने कविता कुठल्याही विभागात ठेवो, या ओळी मी रेघेपलीकडे, प्रतिभेच्या बाजूला ठेवते.