घोडा आणि स्वार : विश्वासाची जडणघडण

अनोळखी वस्तू समोर आली की उधळण्याआधी घोड्याने स्वाराच्या इशाऱ्याची वाट पाहावी आणि एरवी मान सैल सोडून, न बुजता चालावे, या स्थितीला घोडेस्वारीत विश्वास म्हणतात. प्रेम, इमान हे शब्द या संदर्भात सर्रास वापरले जातात. कामाच्या दृष्टीने पाहिले तर घोड्याचा विश्वास हा अंदाजावर उभा असतो : हा माणूस पुढच्या क्षणी काय करील हे घोड्याला ठाऊक असते, आणि बरोबर पाऊल टाकले की त्रास थांबतो हा अनुभव त्याला दरवेळी येतो. म्हणून तो गोंजारण्यापेक्षा लगाम योग्य क्षणी सैल सोडण्याने अधिक वाढतो.

घोडा हा पळून जीव वाचवणारा, कळपात राहणारा प्राणी आहे. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला सुमारे ३५० अंशांपर्यंतचे दिसते. दिसत नाही ते कपाळाच्या अगदी समोरचे आणि शेपटीच्या थेट मागचे. नवशिका माणूस नेमका याच दोन ठिकाणांहून जवळ जातो. निळा आणि पिवळा रंग घोडा वेगळे ओळखतो, लाल-हिरव्यात त्याची गफलत होते. उजेडातून अंधारात डोळे सरावायला त्याला माणसापेक्षा जास्त वेळ लागतो, त्यामुळे पागेच्या दारात किंवा ट्रकच्या फळीवर तो थबकतो. याला हट्ट समजून मारणे ही फार जुनी आणि फार महाग पडणारी चूक आहे. अंगावर बसलेली माशीही त्याच्या कातडीला कळते आणि तेवढाच भाग थरथरवून तो ती उडवतो. इतक्या संवेदनशील जनावराला टाचेचा जोरदार ठोसा द्यावा लागत असेल, तर हलका इशारा त्याला कधी शिकवलाच गेला नाही, असे समजावे.

माणसाच्या बारीक हालचाली घोडा किती वाचतो, याचा दाखला बर्लिनचा ‘हुशार हान्स’ देतो. हा घोडा खूर आपटून गणिताची उत्तरे देतो अशी १९०४ च्या सुमारास ख्याती होती. मानसशास्त्राचे अभ्यासक ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये दाखवून दिले, की बरोबर आकडा आला की प्रश्न विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित हलते, आणि ते पाहून घोडा थांबतो. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसले, की हान्स चुकत असे. स्वाराची भीती घोड्याला ‘वासाने कळते’ असे म्हणतात. आवळलेल्या मांड्या, रोखलेला श्वास आणि घट्ट मुठी एवढे त्याला पुरते.

जमिनीवरची सुरुवात. घोड्याकडे खांद्याच्या दिशेने, तिरके, बोलत बोलत जावे. हाताच्या अंतरावर थांबून हाताची मागची बाजू हुंगू द्यावी. कपाळावर थोपटण्याऐवजी आयाळ जिथे संपते त्या उंचवट्यावर बोटांनी खाजवावे. घोडे एकमेकांना नेमके तिथेच दातांनी खाजवतात आणि तिथे खाजवल्यावर नाडीचा वेग उतरतो असे मोजमापांत आढळले आहे. प्रौढ घोड्याची विश्रांतीतील नाडी मिनिटाला साधारण २८ ते ४४ असते.

रोजचा खरारा, म्हणजे ब्रशने अंग घासून साफ करणे, ही विश्वासाची पहिली शाळा. मान, खांदा, पाठ, मग पोट आणि पाय या क्रमाने जावे. मागच्या पायांकडे वळताना एक हात सतत पुठ्ठ्यावर (ढुंगणाच्या वरच्या भागावर) ठेवावा, म्हणजे माणूस कुठे आहे हे घोड्याला कळत राहते. खरारा एखाद्या जागी लागताच घोडा कान पाडत असेल, कातडी आखडून घेत असेल, तर ती जागा लक्षात ठेवावी. शिस्तीचा प्रश्न मानण्याआधी तिथे दुखते का हे पाहावे. मोहरकीची (तोंडावर बांधायच्या दोरखंडी पट्ट्याची) दोरी तीन-चार मीटरची असावी आणि ती हाताला कधीही गुंडाळू नये. घोडा झटक्यात मागे हटला तर बोटे जातात.

शिकवण्याचे मूळ सूत्र ‘दाब आणि ढील’ हे आहे. समजा घोड्याला एक पाऊल मागे घ्यायचे आहे. दोरीवर दोन बोटांनी, माशी बसावी इतका हलका दाब द्यायचा. दोन-तीन सेकंदांत काही झाले नाही तर तो थोडा वाढवायचा, मात्र हिसका द्यायचा नाही. घोड्याने वजन नुसते मागच्या पायांवर सरकवले, पाऊल उचललेही नसले, तरी त्याच क्षणी दोरी पूर्ण सैल सोडायची. घोडा शिकतो तो या ढिलीतून. ती सेकंदभर उशिरा मिळाली, तर तोवर त्याने मान वर केलेली असते, आणि ‘मान वर केली की सुटका होते’ हा धडा पक्का होतो. कितीतरी ‘तोंडाने कडक’ घोडे असेच घडलेले असतात. एका वेळी १५-२० मिनिटे पुरेत, आणि जमलेल्या गोष्टीवर थांबावे.

खाऊ द्यायचा तर बरोबर हालचालीनंतर एक-दोन सेकंदांत, सपाट तळहातावर. घोडा खिसे हुंगून ढकलू लागल्यावर दिलेला गुळाचा खडा ढकलण्याचे बक्षीस ठरतो.

भीती मोडणे. मंडईतली प्लॅस्टिकची पिशवी घ्या. ती काठीला बांधून मदतनिसाने दहा-पंधरा मीटरवर उभे राहावे. घोडा कान टवकारतो, मान उंच होते, नाकपुड्या फुलतात, एक मोठी फुरफुर येते. आता पिशवी हलवत राहा, जवळ आणू नका. घोडा पापण्या मिटू लागला, मान खांद्याच्या पातळीला आली, की पिशवी खाली घ्या. क्षणभर विसावा, मग दोन पावले पुढे. पिशवी अंगाला लागेपर्यंत काही दिवस जाऊ शकतात. घोडा पळू पाहत असताना पिशवी थांबवली, तर पळण्याने ती जाते हे तो शिकेल. अशा वेळी अंतर वाढवून, तो स्थिर झाल्यावरच थांबवावी. एका बाजूने सरावलेला घोडा परतीच्या वाटेवर त्याच पिशवीला पुन्हा बुजतो. एका डोळ्याने पाहिलेले मेंदूच्या दुसऱ्या बाजूला पोचत नाही, हा यावरचा लोकप्रिय खुलासा चुकीचा आहे, ते पोचते. दुसऱ्या बाजूने वस्तूचा आकार वेगळा दिसतो, म्हणून सराव दोन्हीकडून करावा.

घोड्याला खुंट्याला जखडून, तो थकून निश्चल होईपर्यंत पिशवी फडकवत ठेवण्याची रीत अजूनही दिसते. असा घोडा शांत वाटतो, पण त्याने फक्त आशा सोडलेली असते. जबडा आवळलेला, नजर थिजलेली, शेपटी दाबून धरलेली : ही खूण ओळखता आली पाहिजे, कारण असेच घोडे एक दिवस काही सूचना न देता दुगाण्या झाडतात. खऱ्या विसाव्यात खालचा ओठ लोंबतो, मागचा एक पाय टेकलेला असतो, कान बाजूला पडतात. ओठ चाटणे आणि चघळणे ही ‘मान्य आहे’ची खूण मानली जाते. ते तणाव नुकताच ओसरल्याचे लक्षण असते, म्हणजे तणाव होता हेही ते सांगते.

गोल रिंगणात घोड्याला पळवून, तो थकून माणसामागे येऊ लागला की ‘त्याने नेता मानले’ असे सांगणारी पद्धत १९९० नंतर जगभर पसरली. सिडनी विद्यापीठातील संशोधकांनी हाच दाब-ढिलीचा प्रयोग रिमोटवरच्या खेळण्यातल्या मोटारीने केला, तर घोडे मोटारीकडेही वळले. ढील शिकवते, एवढेच त्यातून सिद्ध होते.

पाठीवर. तंग, म्हणजे खोगीर बांधणारा पोटाखालचा पट्टा, एका दमात आवळू नये. दोन-तीन टप्प्यांत, मध्ये चार पावले चालवून कसावा, आणि शेवटी खाली दोन बोटे जातील इतपत ठेवावा. चढण्यासाठी ओटा वापरावा, कारण रिकिबीवर (पाय ठेवायच्या कडीवर) लोंबकळल्याने खोगीर एका बाजूला ओढले जाऊन पाठीच्या कण्यावर ताण येतो. चढल्यावर अर्धा मिनिट काहीच करू नये. चढताच घोडा चालू लागत असेल, तर ही उभी राहण्याची सवय आधी लावावी. टाच आणि लगाम एकाच वेळी वापरणे ही नवख्यांची सर्वांत मोठी चूक : घोड्याला एकाच क्षणी ‘चल’ आणि ‘थांब’ ऐकू येते, आणि दोन्ही इशारे हळूहळू निकामी होतात.

घोडा बुजला तर मारू नये. ग्रीक सेनानी झेनोफोन यांनी सुमारे २४०० वर्षांपूर्वी याचे कारण सांगून ठेवले आहे : फटके बसल्यावर ती वेदनाही त्या वस्तूमुळेच झाली असे घोड्याला वाटते, आणि भीती वाढते. त्याऐवजी स्वाराने वस्तूला स्वतः हात लावावा आणि घोड्याला हळूच जवळ न्यावे. रागात घोड्याजवळ जाऊच नये, हेही त्यांचेच सांगणे. वस्तूला हात लावणे शक्य नसेल तेव्हा घोड्याची मान वस्तूपासून किंचित दुसरीकडे वळवून, टाच हलकी लावून पुढे जावे.

दुखण्याचा विचार सर्वांत आधी. शिकलेला घोडा अचानक अडू लागला, तंग कसताना चावू लागला, तर खोगीर, दात आणि खूर तपासावेत. खोगिराखालची एक चुणीसुद्धा पाठ सोलते. खूर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून, दात वर्षातून एकदा पशुवैद्याकडून पाहून घ्यावेत. घोड्याच्या जठरात आम्ल सतत झरत असते; चंदी (दाण्याचा खुराक) दोन वेळा आणि मध्ये तासन्‌तास वैरण नाही, अशा ठेवणीत अल्सर होतात आणि घोडा चिडका दिसतो. खोगिरासह स्वाराचे वजन घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत ठेवावे, म्हणजे ३५० किलोच्या घोड्यावर ७० किलो. आणि ‘घोडा का अडला, भाकरी का करपली, पाने का सडली?’ या जुन्या कोड्याचे ‘न फिरवल्यामुळे’ हे उत्तर पागेत शब्दशः खरे आहे : दिवसभर बांधून ठेवलेल्या, एकट्या घोड्याला शिकवणे निम्मे वाया जाते.

मालक बदलला की विश्वास आपोआप नव्या माणसाकडे जात नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत घेतलेल्या घोड्याला पहिले काही दिवस नुसते चारा-पाणी, खरारा आणि हातात धरून फिरवणे एवढेच द्यावे. आधीच्या माणसाचे इशारे विचारून घ्यावेत, कारण एकाची ‘चल’ दुसऱ्याची ‘थांब’ असू शकते. माथेरानला मोटारींना बंदी असल्याने पर्यटकांची ने-आण घोडेही करतात. तिथे पाठीवरचा माणूस दर फेरीला नवा असतो, आणि घोडा कान लावून असतो तो शेजारून चालणाऱ्या घोडेवाल्याकडे. अशा घोड्यावर बसणाऱ्याने लगाम सैल धरावा, टाचा स्थिर ठेवाव्यात आणि उतारावर अंग किंचित मागे घ्यावे. बाकीचे घोडेवाल्याचा आवाज सांभाळतो.