हातातल्या वायरलेसची फ्रिक्वेन्सी कोण ठरवतं?

बऱ्यापैकी बूट घ्यायला जेवढे पैसे लागतात तेवढ्यात आज मुठीत मावणारा वॉकीटॉकी घरी येतो. तो 136 ते 174 आणि 400 ते 520 मेगाहर्ट्झ अशा दोन ऐसपैस पट्ट्यांत ऐकतो आणि बोलतो. त्याच्या पोटात 128 चॅनल साठवता येतात आणि ते कोणते, हे विकत घेणारा स्वतः ठरवतो. या शेवटच्या गोष्टीचं आज कोणाला काही वाटत नाही. पण हातातला वायरलेस जन्मला तेव्हापासून पुढची चाळीसेक वर्षं हा अधिकार सेट वापरणाऱ्याकडे नव्हता. तो कारखान्याकडे होता, विक्रेत्याकडे होता, आणि फार सावकाश वापरणाऱ्याकडे आला. बहुबँड हँडसेट, त्याची प्रोग्रॅमिंग केबल आणि आपल्याकडे परवान्यावरून होणारा गोंधळ, हे सगळं या प्रवासातून आलेलं आहे.

सुरुवात 1930 च्या दशकाच्या अखेरीची. कॅनडात डोनाल्ड हिंग्ज यांनी 1937 मध्ये उचलून नेता येईल असा दुहेरी संपर्काचा सेट बनवला. खाणींच्या शोधात दुर्गम भागात उडणाऱ्या वैमानिकांना त्याची गरज होती. त्याच सुमारास अल ग्रॉस यांनीही आपला हातातला सेट तयार केला. मोठ्या प्रमाणावर उत्पादन मात्र दुसऱ्या महायुद्धामुळे झालं. पुढे मोटोरोला या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गॅल्विन कंपनीने अमेरिकी सैन्यासाठी एससीआर-536 हा सेट काढला. पाच व्हॉल्व्ह म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या निर्वात नळ्या, आतच बॅटऱ्या, वजन सव्वादोन किलोच्या आसपास. त्याला चालू-बंदचं वेगळं बटण नव्हतं. अँटेना बाहेर ओढली की सेट चालू, आत ढकलली की बंद. 3.5 ते 6 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या एकाच फ्रिक्वेन्सीवर तो चाले. ती बदलायची तर आतला क्रिस्टल आणि कॉइल बदलावे लागत, आणि हे काम आघाडीवर होण्यासारखं नव्हतं. सेट वर्कशॉपमध्ये पाठवावा लागे.

याच कंपनीचा पाठीवर वाहायचा एससीआर-300 हा 1943 चा. तो एफएमवर, 40 ते 48 मेगाहर्ट्झमध्ये चालत असे आणि त्यावर 41 चॅनल फिरवून लावता येत. म्हणजे जवानाने पंधराएक किलो पाठीवर घेतले तर फ्रिक्वेन्सी त्याच्या हातात होती. सेट हातात मावेल इतका लहान झाला की ती सोय गेली.

क्रिस्टल म्हणजे क्वार्ट्‌झची कापून घासलेली चकती. तिची जाडी जितकी कमी, तितकी तिची कंपनसंख्या जास्त. युद्धकाळात ब्राझीलमधून आलेलं क्वार्ट्‌झ अमेरिकेत कापून, घासून, तपासून सेटमध्ये बसवलं जाई. युद्धानंतर पोलीस, अग्निशमन दल, टॅक्सी कंपन्या यांच्याकडे वायरलेस आला तोही याच तंत्रावर. 1970 च्या दशकात हॅम म्हणजे हौशी रेडिओवाले दोन मीटर बँडचे, म्हणजे 144 मेगाहर्ट्झच्या वरचे हँडसेट वापरू लागले, तेव्हाही प्रत्येक चॅनलला दोन क्रिस्टल लागत, एक ऐकायचा आणि एक बोलायचा. बोलायचा क्रिस्टल साधारण 12 मेगाहर्ट्झचा असे आणि सर्किट त्याला बाराने गुणून 144 च्या वर नेई. सेटमध्ये जागा सहा चॅनलची असली तरी सगळ्या भरलेल्या क्वचितच असत, कारण क्रिस्टल ऑर्डर देऊन घासून घ्यावे लागत आणि आठवडेच्या आठवडे वाट पाहावी लागे. उंचावर बसवलेलं रिपीटर हे यंत्र एका फ्रिक्वेन्सीवर ऐकलेलं दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर लांबवर पुन्हा पाठवतं. दुसऱ्या गावी गेलं आणि तिथल्या रिपीटरचा क्रिस्टल आपल्याकडे नसला, तर सेट जवळ असून मुकं राहावं लागे.

ही कोंडी फोडली फेज लॉक्ड लूपने. एकच स्थिर क्रिस्टल घ्यायचा, दुसरा ऑसिलेटर, म्हणजे लहरी निर्माण करणारं सर्किट, मोकळा सोडायचा, त्याची फ्रिक्वेन्सी एखाद्या आकड्याने भागून क्रिस्टलशी सतत ताडून पाहायची आणि फरक दिसला की दुरुस्त करायचा. भागायचा आकडा बदलला की फ्रिक्वेन्सी बदलली. फ्रिक्वेन्सी घासून मिळवायची वस्तू होती, ती आता लिहायचा आकडा झाली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी घटना हीच. तिच्यापुढे दोन बँड, तीन बँड, रंगीत पडदे हा सगळा तपशील आहे. अमेरिकेत 1 जानेवारी 1977 पासून सिटिझन्स बँडचे, म्हणजे सामान्य नागरिकांसाठीच्या पट्ट्याचे, चॅनल 23 वरून 40 झाले. त्या लाटेत या कामाच्या चिप लाखोंनी खपल्या आणि स्वस्त झाल्या.

1980 च्या सुमारास आलेला आयकॉमचा आयसी-2ए हा जुन्या हॅम मंडळींच्या आवडीचा सेट. त्याच्या डोक्यावर अंगठ्याने फिरवायच्या तीन छोट्या आकडेचकत्या होत्या आणि शेजारी 5 किलोहर्ट्झ वाढवणारी एक कळ. पाठीमागच्या कळीवर रिपीटरसाठीचा 600 किलोहर्ट्झचा फरक अधिक की उणे, ते ठरे. अंधारात बोटांनी चाचपून फ्रिक्वेन्सी लावता येत असे. आजच्या चाळीस मेनूंच्या सेटवर ते जमत नाही, हे मला खरंच उणं वाटतं.

मग मायक्रोप्रोसेसर आला आणि आकडे मेमरीत जाऊ लागले. पहिल्या काळात ती मेमरी जपायला आत लिथियमचा बारका सेल असे. सेल संपला की भरलेलं सगळं पुसलं जाई. वीज नसतानाही लिहिलेलं जपणारी ईईप्रॉम चिप आल्यावर ती भीती गेली.

दोन बँड एका सेटमध्ये येण्याला निसर्गाचीही मदत झाली. हॅमचा 70 सेंटिमीटर बँड दोन मीटर बँडच्या जवळजवळ तिप्पट फ्रिक्वेन्सीवर येतो. 145 ला तीनने गुणा, 435 येतात. खालच्या बँडवर पाव लांबीची ठरणारी अँटेना वरच्या बँडवर पाऊण लांबीची ठरते आणि दोन्हीकडे चालते. म्हणून एकाच रबरी अँटेनावर दोन बँड बसले. 2000 च्या आसपास याएसूने 50 मेगाहर्ट्झची भर घालून व्हीएक्स-5आरसारखे तीन बँडचे चिमुकले सेट काढले, केनवुडनेही आपले काढले.

पोलीस आणि अग्निशमन दलांचे सेट वेगळ्या वाटेने गेले. तिथेही मेमरी आली, पण चावी विक्रेत्याकडे राहिली. मोटोरोलाचे सेट भरायला खास इंटरफेस पेटी आणि डॉसवर चालणारं परवानाबद्ध सॉफ्टवेअर लागे. यामागे कारण होतं. ड्युटीवरच्या शिपायाने चुकून चॅनल बदलून चालत नाही. पण याच व्यवस्थेची दुसरी बाजू 11 सप्टेंबर 2001 रोजी न्यूयॉर्कमध्ये दिसली. पोलीस हेलिकॉप्टरमधून मनोऱ्याची अवस्था दिसत होती, कोसळण्याचे इशारे पोलिसांच्या वायरलेसवर दिले जात होते, आणि आत जिने चढणारे अग्निशमन जवान वेगळ्या यंत्रणेवर होते. त्या दिवशी 343 अग्निशमन जवान गेले. त्या मृत्यूंना एकटा वायरलेस जबाबदार होता असं नाही. आदेशाची साखळीही वेगवेगळी होती. तरीही त्यानंतर एकमेकांशी बोलू शकणारे सेट हा अमेरिकेत सरकारी अग्रक्रम झाला. 2008 नंतर थेल्सचा लिबर्टी आणि पुढे इतर कंपन्यांचे असे सेट आले, जे पोलिसांचा व्हीएचएफ (दीडशे मेगाहर्ट्झच्या आसपासचा), महापालिकांचा यूएचएफ (चारशेच्या वरचा) आणि 700-800 मेगाहर्ट्झ हे सगळे पट्टे एकाच हातात देतात. त्यांची किंमत हजारो डॉलर.

आणि मग त्याच दशकाच्या शेवटी चीनमधून उलट टोकाची लाट आली. पूर्वी सेटमध्ये गाळण्या, मिक्सर, कॉइल असे कितीतरी सुटे भाग असत. आरडीए कंपनीच्या 1846 चिपने जवळजवळ सगळं एका तुकड्यात आणलं. 2012 मध्ये आलेला बाओफेंगचा यूव्ही-5आर याच चिपवर उभा होता आणि अमेरिकेत तो चाळीस डॉलरच्या आत मिळू लागला. स्वस्ताईची किंमत दुसरीकडे मोजावी लागली. जवळपास जोरदार ट्रान्समीटर असला की या सेटचे कान बंद होतात. अमेरिकेतल्या हॅम संघटनेच्या प्रयोगशाळेने असे बरेच सेट तपासले, तेव्हा मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट-तिप्पट जागी नको तेवढा कचरा सोडणारे नग त्यात मोठ्या संख्येने निघाले.

यूव्ही-5आरमध्ये हाताने चॅनल भरायचा प्रकारही पाहण्यासारखा आहे. समजा रिपीटर 145.700 वर बोलतो आणि 145.100 वर ऐकतो. आधी सेट फ्रिक्वेन्सी मोडमध्ये, वरच्या ओळीवर न्यायचा. मग मेनू 13 मध्ये आपण पाठवायचा टोन निवडायचा. 145.700 टाइप करून मेनू 27 मधून चॅनल क्रमांकावर साठवायचं. मग 145.100 टाइप करून पुन्हा मेनू 27 मधून त्याच क्रमांकावर साठवायचं. पहिल्या वेळी ऐकायची फ्रिक्वेन्सी नोंदली जाते, दुसऱ्या वेळी बोलायची. मेनू 13 ऐवजी 11 मध्ये टोन टाकला तर तो ऐकण्याला लागतो. रिपीटर तो टोन परत पाठवत नसेल, तर सेट गप्प बसतो आणि नवखा माणूस सेटच बिघडला असं समजतो.

हे टोन म्हणजे 67 ते 254.1 हर्ट्झमधले, कानाला जवळपास न जाणवणारे खर्ज सूर. बोलण्यासोबत ठरलेला सूर आला तरच ऐकणारा सेट किंवा रिपीटर कान उघडतो. मोटोरोलाने ते प्रायव्हेट लाइन या नावाने विकले आणि त्या नावाने फार गैरसमज केला. टोन लावल्याने आपलं बोलणं खासगी होत नाही. आपल्याला इतरांचं ऐकू येत नाही, इतकंच. आपलं बोलणं सगळ्यांना ऐकू जातं.

असे पन्नास चॅनल बटणं दाबून कोण भरणार? इथे चर्प हे मोफत सॉफ्टवेअर कामी आलं. अमेरिकेतल्या एका हॅमने 2008 मध्ये ते सुरू केलं आणि जगभरच्या मंडळींनी एकेक कंपनीचा सेट उलगडत त्यात भर घातली. सेटमधली माहिती केबलने वाचायची, तक्त्यात बदलायची, परत लिहायची. एवढं एक पथ्य पाळावं: पहिल्यांदा सेट वाचून ती मूळ फाइल वेगळी जपून ठेवावी आणि बदल नेहमी त्याच सेटवरून वाचलेल्या फाइलीत करावेत. एकाच नावाच्या दोन सेटांच्या आतला आराखडा वेगळा असू शकतो. केबलही सतावते. स्वस्त केबलमध्ये संगणकाच्या यूएसबीशी बोलणाऱ्या प्रोलिफिक कंपनीच्या चिपची नक्कल असते, ती विंडोजचा नवा ड्रायव्हर नाकारतो, आणि दोष सेटवर जातो. बरेचदा कारण त्याहूनही साधं असतं: दोन पिनांचा प्लग शेवटपर्यंत आत बसलेला नसतो.

आता आपल्याकडचं. भारतात 1933 च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याने परवान्याशिवाय वायरलेस सेट बाळगणं हाच गुन्हा ठरवला, मग तो वापरा वा न वापरा. जुन्या कायद्यांची जागा घेण्यासाठी 2023 चा दूरसंचार कायदा आला तरी परवानगीचं तत्त्व तेच आहे. परीक्षा देऊन परवाना मिळवणाऱ्या हॅमना 144 ते 146 आणि 434 ते 438 मेगाहर्ट्झ मोकळे आहेत. राजीव गांधी स्वतः हॅम होते, त्यांचं कॉल साइन, म्हणजे हॅमचं रेडिओवरचं ओळखनाव, व्हीयू2आरजी. 1980 च्या दशकात अशा उपकरणांवरचं आयात शुल्क माफ झालं तेव्हा परदेशी सेट आपल्याकडच्या हॅमच्या आवाक्यात आले. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर आणि 2004 च्या त्सुनामीत अंदमानमध्ये या मंडळींनी संपर्क उभा केला. पोर्ट ब्लेअरमध्ये भारती प्रसाद यांचा चमू त्यावेळी हौशी मोहिमेसाठी गेलेलाच होता.

सह्याद्रीत फिरणाऱ्या गटांना या सेटचं आकर्षण का वाटतं, ते समजतं. मोबाइलला रेंज नसते, आघाडी आणि पिछाडी यांच्यात तासाचं अंतर पडतं. पण या लहरी नजरेच्या रेषेत जातात. कळसूबाईच्या माथ्यावरून लांबचं स्टेशन ऐकू येईल आणि शेजारच्या नाळेत उतरलेला सोबती ऐकू येणार नाही. शिवाय ऑनलाइन मागवलेला 5 वॅटचा सेट ज्या फ्रिक्वेन्सीवर सहज बोलतो, तिथे पोलीस असू शकतात, जहाजं असू शकतात. सेट अडवत नाही. अडवणारा क्रिस्टल आता राहिलेला नाही. विनापरवाना वापरासाठी 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झचा पट्टा खुला आहे, पण तो त्यासाठी बनवलेल्या कमी शक्तीच्या, मान्यताप्राप्त सेटांना. मोठा सेट 446 वर लावला म्हणून तो त्या सवलतीत बसत नाही. विक्रीच्या पानांवर यातलं काहीच सांगितलं जात नव्हतं, म्हणून 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा काढल्या आणि अशा सेटांच्या विक्रीसाठी मार्गदर्शक सूचना आणल्या. फार उशिरा, पण योग्य झालं. ट्रेक गटांनी 446 चे छोटे सेट घ्यावेत, आणि गटातल्या दोघा-तिघांनी हॅमची परीक्षा द्यावी, असं मी आवर्जून सांगेन.

परवाना हाती आल्यावर दोन बँडच्या सेटमध्ये भरायला सर्वांत सुंदर गोष्ट आहे ती आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरचा रिपीटर. सप्टेंबर 2020 पासून तो या जोडीवर आहे: पाठवायचं 145.990 वर, 67 हर्ट्झच्या टोनसह, आणि ऐकायचं 437.800 वर. स्थानकाच्या वेगामुळे ते जवळ येताना त्याची फ्रिक्वेन्सी सुमारे 10 किलोहर्ट्झ वर सरकलेली असते, दूर जाताना तितकीच खाली. म्हणून पाच चॅनल भरायचे. ऐकायची फ्रिक्वेन्सी 437.810 पासून 437.790 पर्यंत पाच-पाच किलोहर्ट्झने उतरती, आणि पाठवायची पाचही चॅनलना 145.990 हीच. दहाएक मिनिटांच्या फेरीत एकेक चॅनल खाली यायचं. रबरी अँटेना तेवढी काढून हातात धरायची छोटी यागी, म्हणजे एका दिशेला रोखायची अँटेना, लावावी, आणि कॉल साइन सांगून झालं की बटण लगेच सोडावं, कारण त्याच रिपीटरवर आणखी कितीतरी जण आपली पाळी पाहत असतात.