गव्हाचं गुणसूत्र तोडून काढलेला नकाशा

वाशीच्या विकिरण प्रकल्पातला मसाला किरणोत्सर्गी होतो, असा संदेश अधूनमधून फिरत असतो. होत नाही. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांची ऊर्जा अणुकेंद्राला धक्का लावण्याइतकी नसते. ते रेणू तोडतात, बस्स. मसाल्याला ६ ते १४ किलोग्रे मात्रा देतात (ग्रे म्हणजे पदार्थाने शोषलेल्या किरणांच्या ऊर्जेचं माप, किलोग्रे म्हणजे हजार ग्रे). गव्हाच्या दाण्यातली गुणसूत्रं मात्र २००-३०० ग्रेमध्येच तुटतात, आणि जनुकांचा नकाशा काढणारे ती मुद्दाम तोडतात.

नेहमीचा नकाशा गुणसूत्रांच्या अदलाबदलीवर काढतात, म्हणजे बीजपेशी बनताना जोडीतली गुणसूत्रं आपसांत तुकडे बदलतात त्यावर. गव्हात ही अदलाबदल बहुतेक टोकांकडेच होते. सेंट्रोमियरजवळची, म्हणजे गुणसूत्राच्या आवळलेल्या भागाजवळची जनुकं एका ठिपक्यावर गर्दी करून बसतात, त्यांचा क्रम लागत नाही. किरणांना अशी आवडनिवड नाही, ते गुणसूत्र कुठेही तोडतात.

गव्हात ए, बी, डी असे तीन संच मिळून ४२ गुणसूत्रं. एका संचातला तुकडा गेला तरी बाकीचे दोन भागवून नेतात, म्हणून रोप जगतं. बन्सी गव्हात २८ च, डी संच नाहीच. किरण दिलेल्या गव्हाचा बन्सीशी संकर केला की ३५ गुणसूत्रांचं रोप मिळतं आणि त्यात डीची सातही एकेकटी असतात. जोडीदार नसल्यामुळे तुकडा गेला की त्यावरचा मार्कर (डीएनएवरची ओळखखूण) पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएचा ठरावीक भाग अनेक पटींनी वाढवून पाहण्याच्या चाचणीत, सरळ गायब.

समजा, अशा १०० रोपांपैकी १० मध्ये एक मार्कर नाही, १० मध्ये दुसरा. दोन्ही लांब असतील तर एकत्र गायब झालेलं साधारण एखादंच रोप सापडेल. आठ सापडली तर ते शेजारी आहेत, एकाच तुकड्याबरोबर गेलेत. हे अंतर सेंटिरेमध्ये मोजतात; दोन मार्करांमध्ये तुटण्याची शक्यता किती, यावरून ठरणारं हे माप.

आता फसतं कुठे. दाणे फार कोरडे असले तर त्याच मात्रेत इजा जास्त होते, म्हणून आधी ओलावा १२-१३ टक्क्यांवर आणतात. मात्रा जास्त झाली तर दाणा उगवतो, पण रोप पहिल्या पानावरच अडतं. दाण्यातल्या अंकुरात पेशी अनेक, प्रत्येकीत तुटणं वेगळं. त्यामुळे एकाच रोपाच्या दोन फुटव्यांत वेगवेगळे तुकडे गेलेले असतात. म्हणून डीएनए त्या रोपाचा न घेता संकरातून आलेल्या प्रत्येक दाण्याच्या रोपाचा घ्यायचा. संकर करताना किरण दिलेल्या गव्हाच्या फुलातले तिन्ही परागकोश हिरवे असतानाच चिमट्याने काढायचे आणि ओंबीला पिशवी घालायची. एक जरी राहिला तर स्वपरागणाचा दाणा धरतो. त्यात डीच्या जोड्या असतात आणि गेलेला तुकडा लपतो.

सगळ्यात फसवं पीसीआर. नुसता बिघडलेला प्रयोगही तुकडा गेल्यासारखाच दिसतो. त्यामुळे प्रत्येक नळीत ए किंवा बी संचातला एक मार्कर सोबत चालवतात; ते संच बन्सीकडूनही येतात, म्हणून तो दिसायलाच हवा. तोही आला नाही, तर ती नोंद धरत नाहीत.