घोड्यांच्या जबड्यातील अर्बुदांचे निदान

घोड्याच्या जबड्याचे हाड, दात घडवणाऱ्या पेशी किंवा तोंडाचे अस्तर यांपासून वाढणाऱ्या गाठी ओळखण्याची प्रक्रिया. ही अर्बुदे विरळ आहेत. जबडा सुजलेला घोडा मात्र पशुवैद्याकडे नेहमीच येतो. त्यामुळे निदानाची सुरुवात अर्बुद नसलेली कारणे बाजूला काढण्यापासून होते, आणि बहुतेक वेळा ते तिथेच संपते.

घोड्याच्या दाढा आयुष्यभर हिरडीबाहेर सरकत राहतात. वर्षाला २-३ मिमी झिजतात आणि साधारण तेवढ्याच वर येतात. तरुण घोड्याच्या दाढेचा मोठा भाग जबड्याच्या हाडात दडलेला असतो. दुधाच्या दाढा पडून कायमच्या दाढा साधारण अडीच ते चार वर्षांच्या वयात येतात. त्या काळात खालच्या जबड्याच्या कडेला दोन्ही बाजूंना टणक उंचवटे दिसतात. ते दुखत नाहीत आणि पुढे आपोआप बसतात. एकाच बाजूला सूज, हात लावला की घोडा डोके झटकतो, त्वचेला छिद्र पडून पू वाहतो, अशी लक्षणे असतील तर बहुधा दाढेच्या मुळाशी गळू असते. लाथ बसून तडकलेले हाड जुळून आले तरीही असाच गोळा राहतो.

चेहऱ्याची हाडे दोन्हीकडे सारखीच फुगली असतील, तर आधी चंदी पाहावी. गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम अगदी कमी असते. असा आहार दीर्घकाळ दिला, तर शरीर हाडातले कॅल्शियम काढून घेते आणि त्या जागी तंतुमय ऊतक भरते. रक्तातील कॅल्शियम या विकारात बरेचदा सामान्यच दिसते. तेवढ्या एका तपासणीवर विसंबणारा फसतो.

खऱ्या अर्बुदांत घोड्याचे वय आणि गाठीची जागा या दोन गोष्टी बरेच काही सांगून जातात. शिंगरांत किंवा साधारण दोन वर्षांखालील घोड्यांत खालच्या जबड्याच्या अगदी पुढे, पटाशीच्या दातांजवळ झपाट्याने वाढणारी टणक गाठ असेल, तर ‘ऑसिफाइंग फायब्रोमा’चा, म्हणजे तंतू आणि हाड यांनी बनलेल्या गाठीचा, संशय प्रथम येतो. तो इतर अवयवांत पसरत नाही, पण हाड पोखरतो आणि दात ढकलून वाकडे करतो. दाताचेच पदार्थ अस्ताव्यस्त साचून झालेला ‘ओडोंटोमा’ही तरुण घोड्यांतच आढळतो. दंतवल्क (दातावरचे कठीण आवरण) घडवणाऱ्या पेशींच्या वंशातील ‘अ‍ॅमेलोब्लास्टोमा’ बहुधा वयस्क घोड्यांच्या खालच्या जबड्यात होतो. हिरडी किंवा टाळूवर न भरणारी, दुर्गंधी येणारी जखम असेल आणि त्याखालचे दात हलू लागले असतील, तर स्क्वॅमस पेशींचा, म्हणजे तोंडाच्या अस्तरातील चपट्या पेशींचा, कर्करोग डोळ्यांसमोर ठेवावा लागतो. ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कर्करोग घोड्यांत कमीच, पण होतो तेव्हा बहुधा डोक्याच्या हाडांत होतो.

सारंगखेड्याच्या बाजारात गिऱ्हाईक घोड्याचा ओठ उचलून पटाशीचे दात पाहते, ते वय ठरवण्यासाठी. जबड्याच्या पुढची गाठ त्या नजरेतून सुटणार नाही, मागच्या दाढांजवळची मात्र सहज सुटेल. घोड्याचे तोंड लांब आणि अरुंद असते, शेवटची दाढ पार खोलवर असते. म्हणून गुंगीचे औषध देऊन, जबडा उघडा ठेवणारी चौकट बसवून, आरसा किंवा दुर्बिणीने आत पाहावे लागते. खालच्या जबड्याखालील लसिका ग्रंथी चाचपून, वाढलेल्या असतील तर त्यांतील पेशी सुईने काढून तपासतात.

सरळ बाजूने काढलेल्या एक्स-रेमध्ये डाव्या-उजव्या दाढा एकमेकींवर पडतात. म्हणून तिरप्या कोनातून वेगळे चित्र घ्यावे लागते, आणि पुढच्या दातांसाठी एक्स-रेची पट्टी तोंडात ठेवूनही. अ‍ॅमेलोब्लास्टोमात हाड साबणाच्या फेसासारखे कप्प्याकप्प्यांनी पोकळ दिसते. ओडोंटोमात दाताइतके दाट ठिपके किंवा गोळे दिसतात. कडा पुसट, हाड एकीकडे विरघळलेले आणि दुसरीकडे वेडेवाकडे वाढलेले असेल, तर कर्करोगाची शंका बळावते. तरीही हाडातील खनिजाचा ३० ते ५० टक्के भाग गेल्याशिवाय ती झीज साध्या एक्स-रेत नीट उमटत नाही. सीटी स्कॅनने गाठीची खरी हद्द कळते. आता तो काही ठिकाणी उभ्या घोड्यावर, फक्त गुंगीत करता येतो.

अखेरचा निर्णय बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा, आणि सर्वाधिक चुका इथेच होतात. गाठीभोवती शरीर नवे हाड रचते. नमुना वरवरचा घेतला, तर प्रयोगशाळेत तेवढे हाडच पोहोचते आणि अहवाल येतो, ‘प्रतिक्रियात्मक हाड’. मालक निर्धास्त होतो, गाठ वाढत राहते. तुकडा खोलवरचा, शक्यतो निरोगी आणि विकृत भागाच्या सीमेवरचा आणि एकाहून अधिक जागांचा हवा. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेले हाड कापण्याआधी आम्लाने किंवा तत्सम द्रावणाने मऊ करावे लागते. दाट हाडाला त्यात बरेच दिवस लागतात. घाई केली तर पेशींचे बारकावे बिघडतात.

सूक्ष्मदर्शकाखाली अ‍ॅमेलोब्लास्टोमाच्या कडेच्या उंच पेशी कुंपणासारख्या ओळीने उभ्या दिसतात. त्यांची केंद्रके तळपटलापासून (पेशींच्या तळाशी असलेल्या पातळ पडद्यापासून) दूर सरकलेली असतात. ऑसिफाइंग फायब्रोमा, तंतुमय दुर्विकसन (हाडाच्या जागी तंतुमय ऊतक वाढण्याचा विकार) आणि ऑस्टिओमा (हाडाची सौम्य गाठ) यांना वेगळे करणे मात्र अवघड. तिन्हींत तंतू आणि हाड असतेच, फरक त्यांच्या प्रमाणाचा आणि रचनेचा. ऑसिफाइंग फायब्रोमात हाडाच्या कण्यांभोवती हाड घडवणाऱ्या पेशींची कडा दिसते, तंतुमय दुर्विकसनात ती सहसा नसते. म्हणून तुकड्यासोबत घोड्याचे वय, गाठीची नेमकी जागा आणि एक्स-रे पाठवावेत. एवढे न धाडता अचूक नावाची अपेक्षा करणे म्हणजे विकृतिशास्त्रज्ञाला ज्योतिष सांगायला लावणे होय.

नावानुसार उपचार बदलतात. लहान वयातील ऑसिफाइंग फायब्रोमात जबड्याचा पुढचा भाग दातांसकट काढून टाकतात. घोडा चारा मुख्यतः ओठांनी ओढून घेत असल्याने अशा शस्त्रक्रियेनंतरही बहुतेक घोडे व्यवस्थित खातात, फक्त जीभ कधी कधी बाहेर लोंबते.