टॅमॉक्सिफेनमध्ये लोखंड बसवलं तर?

ब्रेस्ट कॅन्सरच्या ऑपरेशननंतर कितीतरी बायका रोज टॅमॉक्सिफेनची गोळी घेतात, पाच वर्षं, काहीजणी दहा वर्षं. १९६२ मध्ये इंग्लंडच्या आयसीआय कंपनीत डोरा रिचर्डसन बाईंनी हे औषध बनवलं तेव्हा शोध चालला होता गर्भनिरोधकाचा! उंदरांमध्ये ते चाललं पण बायकांमध्ये उलटंच, बीजांड सुटायलाच मदत व्हायला लागली. मग कॅन्सरवर वापरून बघितलं आणि तिथे लाखो जीव वाचले.

काम कसं करतं? एसटीत आपण खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतो ना, तसंच. कॅन्सरच्या पेशीत इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनची जी सीट असते, म्हणजे रिसेप्टर, ती हे आधीच अडवतं, मग इस्ट्रोजेनला जागाच नाही आणि पेशीला वाढायचा सिग्नल मिळत नाही. पण साधारण दहातल्या तीन पेशंटच्या गाठीत ही सीटच नसते. सगळ्यात अवघड ट्रिपल निगेटिव्ह कॅन्सर (ज्यात इस्ट्रोजेनची धरून तीन प्रकारच्या सीट नसतात) यातलाच, आणि तो बऱ्याचदा तरुण मुलींना होतो हे वाचून मला फार वाईट वाटतं.

म्हणूनच पॅरिसच्या जेरार जाऊएन यांच्या टीमचं काम मला भारी वाटतं. टॅमॉक्सिफेनच्या रेणूत कार्बनच्या तीन रिंगा असतात, त्यातली एक काढून त्यांनी तिथे फेरोसीन बसवलं, म्हणजे दोन रिंगांच्या मधे लोखंडाचा एक अणू, भाकरीत झुणका दाबल्यासारखा. अशा रेणूंना फेरोसिफेन म्हणतात, त्यातल्या काहींनी लॅबमध्ये सीट असलेल्या पेशी मारल्याच पण सीट नसलेल्या पण मारल्या! कारण पेशीत गेल्यावर लोखंड इलेक्ट्रॉन सोडतं आणि रेणूचं क्विनोन मेथाइड नावाचं, पटकन दुसऱ्याला चिकटणारं रसायन होतं, ते पेशीच्या प्रोटीनना जाऊन चिकटतं आणि त्यांचं काम बिघडवतं, रिसेप्टर असो वा नसो.

अडचण अशी की हे पाण्यात विरघळत नाही, रक्तात सोडायचं कसं? त्यासाठी चरबीच्या अतिसूक्ष्म कॅप्सूलमध्ये भरून मेंदूत गाठ असलेल्या उंदरांना दिलं तर गाठ वाढायचा वेग कमी झाला. माणसांसाठीचं औषध व्हायला अजून बरंच बाकी आहे, चांगल्या पेशींना कितपत त्रास होतो हे पण नीट बघावं लागेल.

आपल्याकडची छाया ही गर्भनिरोधक गोळी माहितीये ना, सहेली नावानेही मिळते ती? लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषध संशोधन संस्थेने शोधलेलं तिच्यातलं ऑर्मेलॉक्सिफेन टॅमॉक्सिफेनसारखंच त्या सीटवर बसतं, आणि कॅन्सरवर त्याचाही अभ्यास झालाय.