लोणीचोरीची पहाट

शेजारी विस्तव, मीठ किंवा दूध मागायला आला, तर एरवी कुणी नाही म्हणत नसे. पण १ मेला यातलं काहीच उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचं नाही, हा आयर्लंडच्या खेड्यांतला जुना दंडक. त्या दिवशी विस्तव नेणारा घरातलं वर्षभराचं लोणीच घेऊन जातो, ही भीती. भल्या पहाटे एखादी बाई दवावरून फडकं ओढताना दिसली, की ती शेजाऱ्याच्या गाईंचं लोणी आपल्याकडे ओढून नेतेय असं समजत. चेटकीण सशाचं रूप घेऊन गाईला लुचते, असंही सांगत.

आयरिश भाषेत मे महिन्याचं नाव 'ब्याल्टना'. याच सुमारास गुरं उन्हाळी कुरणांवर जात. इ.स. ९००च्या आसपासच्या 'कॉर्मकच्या शब्दकोशा'त नोंद आहे, की रोगराई टळावी म्हणून ड्रुइड पुरोहित दोन अग्नी पेटवत आणि त्यांच्या मधून गुरं हाकत.

पण एवढा धसका लोण्याचाच का? गाई वसंतात व्यायच्या, मेमध्ये हिरवं गवत भरपूर मिळायचं आणि दूध वाढायचं. त्याचं लोणी विकून कुळं जमिनीचा खंड भरत. १७७०मध्ये सुरू झालेला कॉर्क शहराचा लोणीबाजार पुढच्या शतकात जगातला सर्वांत मोठा ठरला. लोणी बुडालं, की खंड थकायचा.

आणि लोणी खरोखरच दगा देई. सायीतल्या स्निग्धाचे बारीक गोळे पातळ आवरणात असतात. घुसळताना ते आवरण फाटतं आणि गोळे एकमेकांना चिकटतात. पण त्यासाठी स्निग्ध थोडं घट्ट, थोडं पातळ असावं लागतं. हे जमतं साधारण १२ ते १६ अंश सेल्सिअसला. साय फार गार असली तर तासभर घुसळूनही नुसता फेस येतो, फार कोमट असली तर लोणी लिबलिबीत होऊन बरंचसं ताकातच राहतं. भांडं नीट धुतलेलं नसेल, तर जिवाणू साय नासवतात. घरात तापमापक नव्हता, जिवाणू कुणी पाहिले नव्हते. मग संशय जाई शेजाऱ्यावर, बऱ्याचदा एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईवर. तिचा काहीही दोष नसताना तिला हे सोसावं लागे, याचं मला फार वाईट वाटतं.

उपायांमध्ये मात्र निरीक्षण दडलेलं दिसतं. घुसळणीच्या पिंपाखाली निखारा ठेवत. गारठलेल्या सायीला त्यानं थोडी ऊब मिळत असेल. दारात आणि गोठ्यात प्रिमरोजसारखी पिवळी फुलं टाकत. ताज्या गवतातल्या बीटा-कॅरोटीनमुळे मे महिन्यातलं लोणीही असंच पिवळंधमक होतं. आणि घुसळण चालू असताना दारात आलेल्या पाहुण्यानं दांड्याला हात लावल्याशिवाय परतायचं नाही, असा नियम होता. त्याच्या मनात काळंबेरं नाही हे त्यातून कळे, आणि घरच्या बाईच्या भरून आलेल्या खांद्यांना तेवढाच विसावा मिळे.