यासुजिरो ओझूंचे चित्रपट : खेळ ठरवण्याआधी एवढं वाचा

सोसायट्या, वाचनालयं आणि ज्येष्ठ नागरिक संघांमध्ये पडदा-प्रोजेक्टर घेऊन जाऊन आम्ही चित्रपट दाखवतो. यंदाच्या यादीत जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू यांचे चार चित्रपट आहेत. त्यांच्याबद्दल फोनवर घाईघाईत सांगणं आम्हाला पटत नाही, म्हणून हे पत्रक.

जपानी सिनेमा म्हटलं की तलवारी आणि सामुराई डोळ्यांपुढे येतात. ओझूंचा १९२७ मधला पहिला चित्रपट तेवढा जुन्या काळात घडणारा होता. तो आज उपलब्ध नाही. पुढे आयुष्यभर त्यांनी आपल्याच काळातली घरं दाखवली. मुलीचं लग्न ठरत नाही, नोकरीत बदली होते, आईवडील थकतात, भावंडं आपापल्या संसारात गुरफटतात. खलनायक कुणीच नसतो. तरीही चित्रपट संपल्यावर माणसं लगेच उठत नाहीत, हे आम्ही पाहिलंय.

ओझूंचा जन्म १२ डिसेंबर १९०३ रोजी टोकियोत झाला. १९२३ मध्ये ते शोचिकु स्टुडिओत कॅमेरा सहायक म्हणून लागले आणि मोजके अपवाद वगळता त्याच कंपनीसाठी काम करत राहिले. मधल्या काळात सैन्यात भरती होऊन त्यांना चीनमध्ये लढावं लागलं. त्यांचे आज सर्वांत गाजलेले चित्रपट दुसऱ्या महायुद्धानंतरचे. १९४९ पासून पटकथेला कोगो नोदा सोबत असत. दोघं गावाबाहेर मुक्काम ठोकून, साके (तांदळाची जपानी दारू) पीत, संवाद पक्के करत. ओझूंनी लग्न केलं नाही, ते आईजवळच राहिले. १९६३ मध्ये बरोबर साठाव्या वाढदिवशी त्यांचं निधन झालं.

पहिला खेळ कोणता लावावा?

बहुतेक जण ‘टोकियो स्टोरी’ मागतात. आमचा आग्रह मात्र ‘गुड मॉर्निंग’चा (१९५९, ९४ मिनिटं, रंगीत). टीव्ही घेऊन द्या म्हणून दोन भाऊ हट्ट धरतात, वडील ओरडतात, आणि मुलं मौनव्रत धरतात : घरात, शाळेत, शेजाऱ्यांशी, कुणाशीच बोलायचं नाही. इकडे आळीत महिला मंडळाची वर्गणी कुठे गेली यावरून कुजबुज सुरू होते, कारण एकीकडे नवं वॉशिंग मशीन आलेलं असतं. सोसायटीत राहणाऱ्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. पोरांचा पादण्याचा खेळही यात आहे. लहान मुलं खदखदून हसतात, मोठ्यांनी तयारीनं यावं.

‘टोकियो स्टोरी’ (१९५३, १३६ मिनिटं) दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेळाला घ्या. ओनोमिचीहून म्हातारे आईवडील मुलांकडे टोकियोला येतात. डॉक्टर मुलाला वेळ नाही, पार्लर चालवणाऱ्या मुलीला वेळ नाही; मग वर्गणी काढून दोघांना अतामीला समुद्रकाठी पाठवलं जातं. तिथल्या हॉटेलात रात्रभर इतरांचा गोंगाट. सकाळी दोघं धक्क्यावर बसतात, घरी परत जाऊ म्हणतात, आणि उठताना आईला भोवळ येते. फार काही नाही, म्हणत दोघं पुढे चालू लागतात. हे दृश्य चुकवू नका. सख्ख्या मुलांपेक्षा जास्त जीव लावते ती युद्धात गेलेल्या मुलाची बायको, नोरिको. २०१२ मध्ये ‘साइट अँड साउंड’ मासिकाच्या मतदानात जगभरच्या दिग्दर्शकांनी याच चित्रपटाला पहिला क्रमांक दिला.

उरलेले दोन म्हणजे ‘लेट स्प्रिंग’ (१९४९) आणि ‘इक्विनॉक्स फ्लॉवर’ (१९५८). दोन्हींत मुलीचं लग्न आणि वडील. दुसरा त्यांचा पहिला रंगीत चित्रपट. लाल रंग हवा तसा उमटावा म्हणून त्यांनी जर्मन आग्फा फिल्म निवडली. त्यातल्या लाल किटलीवर लक्ष ठेवा : चौकट नीट दिसावी म्हणून ती एका शॉटमधून दुसऱ्यात चक्क जागा बदलते!

बिघाड समजू नये असं काही

पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतील. चित्र मुळात चौकोनाच्या जवळपास आहे. ताणून पडदाभर करा, असं कुणी म्हटलं तरी आम्ही करत नाही, कारण ओझूंच्या चौकटीतली एकेक वस्तू मोजूनमापून ठेवलेली असते.

कॅमेरा जमिनीलगत असतो, चटईवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपेक्षाही खाली, आणि सहसा हलत नाही. रंगीत चित्रपटांत तर अजिबातच नाही. म्हणून शक्य असेल तिथे पुढे सतरंज्या घाला, मागे खुर्च्या. बोलणारा माणूस थेट आपल्याकडे पाहतोय असं वाटेल, तेही मुद्दाम. मधूनच रिकामा जिना, वाळत घातलेले कपडे, धुराडं दिसेल आणि गोष्ट थांबल्यासारखी वाटेल. त्या वेळी आवाज वाढवायला सांगू नका.

चिशू र्यू आणि सेत्सुको हारा हे कलाकार पुन्हा पुन्हा येतात, आणि नोरिको हे नावही. ‘लेट स्प्रिंग’मधली नोरिको वेगळी, ‘टोकियो स्टोरी’मधली वेगळी. सलग आठवड्यांत खेळ लावलेत तर हा घोळ हमखास होतो, म्हणून प्रत्येक खेळाआधी पात्रांची नाती सांगणारा मराठी कागद आम्ही वाटतो. सबटायटल इंग्रजी आहेत.

व्यवस्थेबद्दल

मध्यंतर ठेवत नाही. चहा आधी किंवा नंतर ठेवा. गच्चीवर खेळ असेल तर पूर्ण अंधार पडल्यावरच सुरू करतो. सार्वजनिक खेळासाठी हक्कधारकांची परवानगी आम्ही काढतो, तिला वेळ लागतो, तेव्हा तारीख महिनाभर आधी कळवा. जागा पाहायला आमचा माणूस येऊन जाईल. त्या दिवशी वीजजोडणीची माहिती असलेलं कुणीतरी हजर असू द्या.